जुन्या डेस्कटॉपचा सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह बिघडला? पैसे खर्च करण्याआधी हा क्रम पाळा



झेरॉक्सचं दुकान, डीटीपी सेंटर, फोटो स्टुडिओ, छोटा प्रिंटिंग प्रेस किंवा घरातून टायपिंगचं काम, यातलं काहीही तुम्ही सुरू करणार असाल, तर पहिला कॉम्प्युटर बहुतेक वेळा नवा नसतो. कुणाचा तरी वापरलेला डेस्कटॉप आपण घेतो. त्यात काही चुकीचं नाही. सुरुवातीला भांडवल वाचवणं हेच शहाणपण. पण अशा मशीनमध्ये आधी कुरकुर सुरू होते ती बहुधा सीडी-डीव्हीडी ड्राइव्हची. ट्रे उघडत नाही, डिस्क घातली की नुसता घरघर आवाज येतो, नाहीतर 'माय कॉम्प्युटर'मधून ड्राइव्हच गायब होतो.

आता तुम्ही म्हणाल, "सर, आजकाल सीडी वापरतं कोण?" प्रश्न बरोबर आहे. पण तुमच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या ग्राहकाचा विचार करा. त्याच्या लग्नाचं शूटिंग पंधरा वर्षांपूर्वी डीव्हीडीवर मिळालं होतं आणि दुसरी कॉपी कुठेच नाही. गावाकडच्या कित्येक प्रेसमध्ये आजही पेजमेकर आणि श्रीलिपीवर काम चालतं, कारण जुन्या पत्रिका, पावतीपुस्तकं, अहवाल सगळे त्याच फॉन्टमध्ये आहेत आणि त्यांचा सेटअप सीडीवर आहे. जुना स्कॅनर किंवा कटिंग प्लॉटर स्वस्तात घेतला, तर त्याचा ड्रायव्हरही सीडीवरच येतो. थोडक्यात, सीडीचा जमाना गेला असला तरी सीडीवर अडकलेलं काम अजून संपलेलं नाही.

म्हणून आजच्या धड्यात दोन वाक्यं लक्षात ठेवायची.

पहिलं: आपल्याला ड्राइव्ह दुरुस्त करायचा नाही, अडलेलं काम सोडवायचं आहे.

दुसरं: फुकटचा उपाय आधी, स्वस्त उपाय नंतर, महाग उपाय शेवटी.

बाकी सगळं या दोन वाक्यांचाच विस्तार आहे. व्हिडिओत प्रत्येक पायरी करून दाखवली आहे, इथे ती सावकाश वाचता यावी म्हणून लिहून देतोय.

पायरी ० : आधी डिस्क वाचवा

ड्राइव्हवर संशय आला की त्यात महत्त्वाची डिस्क घालायची नाही. हा नियम पाठ करा. ड्राइव्ह बाजारात दुसरा मिळतो. ग्राहकाच्या लग्नाची डीव्हीडी दुसरी मिळत नाही.

डिस्क आत अडकली असेल तर ट्रे ओढू नका. ड्राइव्हच्या पुढच्या पट्टीवर टाचणी जाईल एवढं बारीक भोक असतं. कॉम्प्युटर बंद करा, मुख्य वायर काढा, एक मिनिट थांबा म्हणजे आतली डिस्क फिरायची थांबेल. मग कागदाला लावायची यू-पिन सरळ करून त्या भोकात सरळ आत दाबा. ट्रे थोडा बाहेर येईल, तो हळूच हाताने ओढून घ्या. ही सोय ड्राइव्ह बनवतानाच ठेवलेली असते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

डिस्क बाहेर आली की उजेडात धरून बघा. मधल्या भोकाभोवती तडा गेलेला दिसला तर ती डिस्क पुन्हा कुठल्याच ड्राइव्हमध्ये घालू नका. ५२ एक्स वेगाच्या ड्राइव्हमध्ये सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते. त्या वेगात तडकलेली डिस्क आतच फुटून तुकडे होऊ शकतात. मग डिस्कही गेली आणि ड्राइव्हही.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सीडीवरची माहिती चकचकीत बाजूला नसते, ती लेबलच्या बाजूला, रंगाच्या थराखाली लगेच असते. म्हणजे चकचकीत बाजूचा ओरखडा एक वेळ चालतो, पण लेबलच्या बाजूने चांदीचा थर निघाला असेल तर तेवढी माहिती कायमची गेली. त्यामुळे सीडीवर बॉलपेनने जोर देऊन लिहायचं नाही आणि चिकटपट्टी लावून ओढायची तर मुळीच नाही. डीव्हीडीमध्ये हा थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित.

पायरी १ : दोष कुणाचा, ते ठरवा

बरेच जण इथेच घाई करतात. एक डिस्क चालली नाही की लगेच "ड्राइव्ह गेला" म्हणतात. पण दोषी तिघांपैकी कुणीही असू शकतो: डिस्क, ड्राइव्ह किंवा कॉम्प्युटर.

घरात, शेजारी, मित्राकडे शोधा आणि बिनमहत्त्वाच्या तीन डिस्क गोळा करा. एक कंपनीने छापलेली सीडी, म्हणजे गाण्यांची किंवा एखाद्या पुस्तकासोबत आलेली. दुसरी, चित्रपटाची छापील डीव्हीडी. तिसरी, कुणीतरी घरी राइट केलेली सीडी. तिन्ही एकामागून एक घालून बघा आणि वहीत लिहा.

तिन्ही व्यवस्थित चालल्या, तर ड्राइव्ह ठीक आहे, तुमची मूळ डिस्कच खराब आहे.

सीडी चालते पण डीव्हीडी चालत नाही, किंवा उलटं झालं, तर लेझरकडे बोट जातं. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा न दिसणारा लेझर लागतो आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर. एकाच ड्राइव्हमध्ये दोन्ही बसवलेले असतात आणि त्यातला एक आधी थकू शकतो. असा ड्राइव्ह अर्धा चालू असतो. तुमचं काम चालू असलेल्या अर्ध्यात बसत असेल तर खर्च कशाला करायचा?

छापील डिस्क चालतात, घरी राइट केलेली चालत नाही, तर लेन्सवर धूळ असेल किंवा लेझर मंद झाला असेल. राइट केलेल्या डिस्कवर माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. ती छापील डिस्कपेक्षा कमी प्रकाश परावर्तित करते, म्हणून कमजोर ड्राइव्ह आधी तिथे अडखळतो.

एकही चालत नाही, तर पुढच्या पायरीवर जा.

मूळ डिस्कच संशयित ठरली तर ती पुसून बघा. मऊ, स्वच्छ सुती कापड घ्या आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसायचं नाही. सीडीवरची माहिती गोल मार्गाने लिहिलेली असते. गोल ओरखडा गेला तर सलग माहिती पुसली जाते. आडवा ओरखडा गेला तर प्रत्येक फेऱ्यात अगदी थोडी माहिती बिघडते आणि तेवढी चूक ड्राइव्ह स्वतः भरून काढतो, तशी दुरुस्तीची सोय डिस्कवर माहिती लिहितानाच केलेली असते. कोकणात पावसाळ्यात दमट कपाटात राहिलेल्या डिस्कवर बुरशीचे डाग दिसतात, तेही आधी हलक्या हाताने पुसून मग बघायचं.

पुसूनही चालली नाही तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह वाचतो, हे नेहमी घडतं. तीन वेगवेगळ्या ड्राइव्हवर लावून बघितल्याशिवाय "डिस्क गेली" असं ग्राहकाला सांगू नका.

पायरी २ : ड्राइव्ह कॉम्प्युटरला दिसतो का?

ड्राइव्ह 'माय कॉम्प्युटर'मध्ये दिसतच नसेल, तर स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी एक फुकटची तपासणी करा. कॉम्प्युटर चालू करताना सुरुवातीलाच डिलीट किंवा एफ२ हे बटण दाबत राहा (काही कंपन्यांच्या मशीनला एफ१० लागतं). निळ्या किंवा काळ्या पडद्याची बायोस सेटिंग उघडेल. तिथे जोडलेल्या ड्राइव्हची यादी असते.

बायोसमध्ये ड्राइव्हचं नाव दिसतं पण विंडोजमध्ये दिसत नाही, म्हणजे हार्डवेअर जोडलेलं आहे, गडबड विंडोजमध्ये आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, सीडी-डीव्हीडी ड्राइव्हवर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. विंडोज ड्राइव्ह पुन्हा शोधून घेतं. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं. डिस्क राइट करायचं एखादं जुनं सॉफ्टवेअर टाकल्यावर किंवा काढल्यावर ड्राइव्ह गायब झाला असेल, तर विंडोजच्या रजिस्ट्रीत 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' नावाच्या नोंदी अडकलेल्या असू शकतात. हे काम जाणकाराकडून करून घ्या आणि आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्यायला सांगा.

बायोसमध्येच ड्राइव्ह दिसत नाही, म्हणजे केबल, पॉवर किंवा ड्राइव्ह यांपैकी काहीतरी बिघडलंय. आता कॅबिनेट उघडायचा.

एक छोटी खूण सांगतो. रोज कॉम्प्युटर चालू केल्यावर तारीख-वेळ चुकीची दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला आहे. बहुतेक मशीनमध्ये तो सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो संपला की बायोस आपली सेटिंग विसरतो. त्या गडबडीत ड्राइव्हचं सेटिंगही बदललेलं असू शकतं. सेल बदला, वेळ लावा आणि पुन्हा तपासा.

पायरी ३ : केबल आणि पॉवर

कॅबिनेट उघडण्याआधी मुख्य वायर काढा. यूपीएस असेल तर तोही बंद करा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावा, म्हणजे अंगावरची स्टॅटिक वीज निघून जाईल. उघडल्यावर आधी मोबाइलने फोटो काढा. कुठली केबल कुठे होती, हे तासाभराने आठवत नाही.

ड्राइव्हच्या मागे दोन जोडण्या असतात, एक माहितीची आणि एक पॉवरची. तुमच्या मशीनमध्ये दोनपैकी एक प्रकार असेल.

रुंद, चपटी पट्टीसारखी केबल असेल तर तो आयडीई ड्राइव्ह. तिच्या एका कडेला बहुतेक लाल रेघ असते, ती बाजू ड्राइव्हच्या पॉवरच्या पिनकडे यायला हवी. एकाच पट्टीवर हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह दोन्ही असतील, तर मागच्या छोट्या जंपरने एक 'मास्टर' आणि दुसरा 'स्लेव्ह' ठेवावा लागतो. दोन्ही 'मास्टर' असले की भांडण होतं आणि एखादा दिसेनासा होतो. जुन्या मशीनमध्ये कुणी हार्ड डिस्क बदलून दिली आणि त्यानंतर सीडी ड्राइव्ह गायब झाला, तर आधी हे बघा.

बोटाएवढी बारीक केबल असेल तर तो साटा ड्राइव्ह. इथे जंपरची भानगड नाही. पण ही केबल सैल लवकर होते. दोन्ही टोकं काढून पुन्हा नीट बसवा. तरी दिसला नाही तर मदरबोर्डवरच्या दुसऱ्या साटा जागेत लावून बघा. मग केबल बदलून बघा. साटा केबल ही दुकानातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक आहे, एक जास्तीची कायम ड्रॉवरमध्ये असू द्या.

डिस्क घातली, फिरायला लागली आणि मध्येच थांबली, किंवा डिस्क फिरताना अख्खा कॉम्प्युटरच रीस्टार्ट झाला, तर एसएमपीएसवर संशय घ्या. ड्राइव्हला ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशी दोन्ही वीज लागते, मोटर १२ व्होल्टवर फिरते. थकलेला एसएमपीएस बाकी काम भागवतो आणि मोटरचा भार आला की बसतो. इथे ड्राइव्ह बदलून काहीच होणार नाही. नवा ड्राइव्हही तसाच वागेल. क्रमाने तपासायचं म्हणतो ते यासाठीच.

पायरी ४ : ट्रे उघडत नाही

बटण दाबल्यावर आतून घुर्र आवाज येतो, पण ट्रे हलत नाही किंवा थोडा बाहेर येऊन परत जातो. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये हे फार दिसतं. बहुतेक वेळा कारण असतं एक रबरी बेल्ट. मोटरपासून ट्रेच्या चाकापर्यंत एक छोटा गोल बेल्ट असतो. तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सैल आणि गुळगुळीत होतो, मग मोटर फिरते आणि बेल्ट घसरतो.

ड्राइव्ह बाहेर काढा, यू-पिनने ट्रे उघडा, पुढची पट्टी सोडवा, खालचे चार स्क्रू काढा. बेल्ट बहुतेक पुढच्या बाजूलाच दिसतो. चिमट्याने काढून साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, चाकांवरचा चिकटपणा पुसा आणि परत बसवा. काही मेकॅनिक बेल्ट काही मिनिटं गरम पाण्यात ठेवतात, त्याने तो थोडा आवळतो. हा तात्पुरता उपाय आहे. त्याच मापाचा नवा बेल्ट इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात शोधा. बेल्ट नाही मिळाला तर यू-पिनचा मार्ग आहेच, महिन्यातून दोनदा ट्रे उघडायचा असेल तर तेवढ्यावरही भागतं.

पायरी ५ : लेन्स साफ करणं

पिठाच्या गिरणीशेजारी, रस्त्याच्या कडेला किंवा उदबत्ती सतत पेटत असलेल्या दुकानात लेन्सवर थर बसणारच. ड्राइव्ह उघडलेला असेल तर मण्याएवढी छोटी, निळसर लेन्स दिसते. ती नाजूक स्प्रिंगवर तरंगत असते, त्यामुळे दाबायची नाही.

आधी हाताच्या ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर घालू नका, थुंकीचे कण जातात. मग इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. मोबाइल रिपेअरिंगच्या सामानात ते 'आयपीए' नावाने मिळतं. बड ओला हवा, पण टपटपणारा नको. अलगद एकदा फिरवा, कोरड्या बडने टिपा, पाच मिनिटं वाळू द्या. पेट्रोल, थिनर, अत्तर, सॅनिटायझर यातलं काही वापरायचं नाही.

आणि ही सूचना नीट वाचा. ड्राइव्हचं झाकण उघडं असताना त्याला वीज द्यायची नाही. सीडीचा लेझर डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. झाकण बंद करा, स्क्रू लावा, मगच चालू करा. दोनशे रुपये वाचवण्यासाठी डोळा पणाला लावायचा नसतो.

पायरी ६ : दुरुस्ती, बदली की काहीच नाही? हिशोब मांडा

इथपर्यंत येऊनही ड्राइव्ह चालला नाही, तर लेझर किंवा आतला सर्किट बोर्ड गेला आहे. तो दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही. आता तुमच्यातल्या उद्योजकाचं काम सुरू होतं.

समजण्यासाठी आकडे धरू. तुमच्या गावचे भाव विचारून हेच गणित पुन्हा करा. जुना, चालू असलेला ड्राइव्ह ४०० रुपये आणि मेकॅनिकची फेरी ३०० रुपये, म्हणजे ७००. यूएसबीला लावायचा नवा बाहेरचा डीव्हीडी रायटर २००० रुपये. मित्राचा ड्राइव्ह एका संध्याकाळसाठी उसना, शून्य रुपये.

यात एक खर्च सगळे विसरतात, तुमचा वेळ. दिवसाला ८०० रुपये सुटत असतील आणि ड्राइव्हच्या मागे अर्धा दिवस गेला, तर ४०० रुपये गेले. ते बिलावर दिसत नाहीत एवढंच. म्हणून वरच्या सगळ्या पायऱ्यांना एक मर्यादा घाला: सगळं मिळून दीड तास. त्यात सुटलं नाही की थांबायचं आणि निर्णय घ्यायचा.

निर्णय कसा घ्यायचा?

एकदाच दहा-वीस डिस्कमधली माहिती काढायची असेल तर उसना ड्राइव्ह घ्या, काम संपवा. काही विकत घेऊ नका.

अधूनमधून लागणार असेल तर यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह घ्या. तो आजच्या डेस्कटॉपला चालतो आणि उद्या घेतलेल्या लॅपटॉपलाही चालेल. मशीन बदललं तरी ही गुंतवणूक तुमच्यासोबत राहते. लावताना कॅबिनेटच्या मागच्या यूएसबी जागेत लावा. हा ड्राइव्ह वीज यूएसबीतूनच घेतो. पुढच्या जागेत किंवा स्वस्त हबवर ती कमी पडते आणि आपल्याला वाटतं नवा ड्राइव्हही खराब निघाला.

त्या जुन्या मशीनवर आयडीई जोडणी आहे, यूएसबीवरून ते सुरू होत नाही आणि सीडीवरूनच विंडोज टाकावं लागतं, अशा वेळी मात्र त्याच प्रकारचा वापरलेला ड्राइव्ह घ्या. घेताना दुकानातच तुमच्या तीन डिस्क लावून दाखवायला सांगा: छापील सीडी, छापील डीव्हीडी, राइट केलेली सीडी. तोंडी हमीपेक्षा ही तपासणी भारी.

नवं विंडोज टाकायचं एवढंच काम असेल तर ड्राइव्हची गरजच नाही. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर सेटअप बनवून देतं. जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हरही अनेकदा कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. आधी तिथे शोधा.

पायरी ७ : पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

ड्राइव्ह ज्या दिवशी चालू होईल, त्याच दिवशी एक काम करा. धंद्यासाठी लागणारी प्रत्येक डिस्क हार्ड डिस्कवर 'आयएसओ' फाइल करून ठेवा. आयएसओ म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, एकाच फाइलमध्ये. विंडोज ८ पासून पुढे ही फाइल डबल क्लिक केली की डिस्क घातल्यासारखी उघडते. विंडोज ७ किंवा एक्सपीवर त्यासाठी वेगळं छोटं सॉफ्टवेअर लागतं. एका सीडीत ७०० एमबी आणि साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. म्हणजे पन्नास भरलेल्या सीडी ३५ जीबीत बसतात. ६४ जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये तुमचं अख्खं कपाट. आणि एक प्रत दुसऱ्या जागी, दुकानात एक आणि घरी एक.

"सर, सॉफ्टवेअरची कॉपी करणं कायद्यात बसतं का?" तुम्ही रीतसर विकत घेतलेलं सॉफ्टवेअर हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून बॅकअप प्रत ठेवायला भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ परवानगी देतं. पण ती प्रत दुसऱ्याला देणं, विकणं किंवा चित्रपटांच्या डीव्हीडी कॉपी करून विकणं, हे त्यात बसत नाही. असा धंदा कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा.

जुनं विंडोज असलेलं मशीन फक्त जुन्या कामासाठी ठेवलं असेल तर ते इंटरनेटला जोडू नका. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झाले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० ला. आणि बाद झालेला ड्राइव्ह कचऱ्यात टाकू नका, तो ई-कचरा आहे, अधिकृत संकलन केंद्रात द्या.

यातून धंदा दिसतोय का?

आता शेवटचा मुद्दा. जो प्रश्न तुमचा आहे तोच तुमच्या परिसरातल्या शेकडो घरांचा आहे. नव्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह येतच नाही. लोकांकडे लग्नाच्या, बारशाच्या, गॅदरिंगच्या डिस्क आहेत आणि त्या लावायला जागा नाही. राइट केलेल्या डिस्कचं आयुष्यही मर्यादित असतं, उन्हात आणि ओलाव्यात ठेवलेल्या तर लवकर जातात.

'जुन्या सीडी-डीव्हीडी पेन ड्राइव्हवर घेऊन मिळतील', एवढा एक बोर्ड. डिस्कमागे ५० रुपये धरले तर २००० रुपयांचा ड्राइव्ह चाळीस डिस्कमध्ये वसूल होतो. हा काही स्वतंत्र मोठा व्यवसाय नाही, पण चालू दुकानातलं चांगलं जोडकाम आहे. डिस्क कॉपी होत असते तेव्हा तुम्ही झेरॉक्स काढत असता.

मात्र चार नियम पाळा.

एक, डिस्क घेताना ग्राहकासमोर उजेडात तपासा. तडा, ओरखडे, डाग जे असेल ते पावतीवर लिहा आणि सही घ्या.

दोन, "नक्की निघेल" असं कधीच म्हणू नका. "प्रयत्न करतो. निघालं तर पैसे, नाही निघालं तर नाही," असं सांगा. लोक याच बोलीवर विश्वास ठेवतात.

तीन, कॉपी झाल्यावर फाइल उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट बघा. नुसती फाइल तयार झाली म्हणजे काम झालं असं नाही.

चार, ग्राहक पेन ड्राइव्ह घेऊन गेला, त्याने घरी बघितलं, की आठ दिवसांनी तुमच्या कॉम्प्युटरवरची प्रत पुसून टाका. घरचे फोटो, घरचे व्हिडिओ ही लोकांची खाजगी गोष्ट असते. ती जपणारा दुकानदार म्हणून नाव झालं तर त्याची किंमत पन्नास रुपयांत मोजता येत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

वही घ्या आणि तीन गोष्टी लिहा. तुमच्या धंद्याचं कुठलं काम फक्त एका डिस्कवर, एका मशीनवर किंवा एका केबलवर अवलंबून आहे? ती वस्तू उद्या सकाळी बंद पडली तर किती दिवस काम थांबेल? आणि तो धोका कमी करायला आज किती रुपये लागतील?

ड्राइव्ह हे फक्त निमित्त आहे. उद्या प्रिंटर बिघडेल, परवा इन्व्हर्टर. आधी कामाचं नुकसान थांबवायचं, मग दोष नेमका कुठे आहे ते शोधायचं, मग खर्च ठरवायचा. हा क्रम हातात बसला की कुठलाही मेकॅनिक तुम्हाला घाबरवून पैसे घेऊ शकणार नाही.

तुमचं उत्तर आणि तुमच्या गावातले भाव खाली लिहा, म्हणजे इतरांनाही अंदाज येईल. भेटूया पुढच्या धड्यात. तोपर्यंत काम चालू ठेवा, हिशोब लिहीत राहा.